एकशे सोळा आंगनं

अबे थांबा ना, पह्यले त्या चहावाल्याले चहा ठेवू द्या. प्रवीण, तू तो फोन खाली ठेव. व्हिडिओ मी दाखवतो मंग, पन व्हिडिओत काईच दिसत नाई, आधीच सांगून ठेवतो. मी सांगतो ते ऐका. मधात कोनी हसाचं नाई. शेवटी हसू आलं तं खुशाल हसा.

तुमाले माहीत हाय, मी ड्रोन शोचं काम करतो. लग्नात उडवते तो ड्रोन नाई बे, विक्की! त्याले कॅमेरा असते. आमच्या ड्रोनले डोळेच नसते. पोटाखाली एक लाइट, वर चार पंखे, खाली चार पाय, अन् जीपीएस. बस. कॉम्प्युटर सांगते, अमक्या सेकंदाले अमक्या जागी जा, तो जाते. मधात झाड आलं तं झाडावर आदळते, भिंत आली तं भिंतीवर. त्याले दिसतच नाई तं तो चुकवन कसा? हे ध्यानात ठेवा.

तं झालं असं का, नवभिंत पेंट्स म्हनून रंगाची एक कंपनी. त्याइचा नवा रंग बाजारात येनार होता. जाहिरात अशी होती, ‘घराला पुन्हा घर करा.’ त्याइले पाह्यजे होता ड्रोन शो अन् सोबत प्रोजेक्शन मॅपिंग, दोनी एकाच वेळी. वर आकाशात लाइटचं घर, अन् समोर एका मोठ्या भिंतीवर रंग चढत जाताना दिसला पाह्यजे. आता येवढी मोठी भिंत कुठी भेटन? त्याइचा कुलदीप सर, नागपूरचा, गाडी घेऊन आठ दिवस फिरला. अन् सापडली कुठी, तं माजरीच्या अंगाले, बंद पडलेल्या एका कोयशाच्या खदानीत.

खदान जवळून पाह्यली का कोनी? दुरून नाई, काठावर उभं राहून? मी याच भागातला, पन मीबी नव्हती पाह्यली. येवढं मोठं भगदाड, बाप्पा. समोरची भिंत दोनशे मीटर दूर, पायऱ्या पायऱ्याची. वर पिवळी माती, मंग लाल, मंग राखेसारखी, अन् खाली कोयशाचा काळा पट्टा. तळाले हिरवं पानी. मी पाह्यलं तवा एक बगळा उडत होता, पन आपल्या पायाच्या खाली उडत होता तो. त्याची पाठ दिसत होती. असं कधी दिसते का? मी दोन पावलं मांगं सरकलो.

पन कामाच्या हिशोबानं जागा एक नंबर. ड्रोनच्या खाली मानूस नाई, तार नाई, झाड नाई. नुसती हवा.

त्या हवेतच गाव होतं बे.

चिचझरी. बावीस वर्साआधी उठलं. आता काठापासून एक किलोमीटरवर नवी चिचझरी हाय, सिमेंटचे क्वार्टर, दोन सरळ लाइना, दारापुढं टाइल. जुनं गाव खोदून कोयसा काढला. म्हंजे समजा, आपन काठावर उभे आहो ना, ते जुन्या गावाच्या जमिनीच्या बरोबरीत. घरं होती ती समोर, आपल्या डोळ्याच्या रेषेत. आता तिथी काई नाई. खाली शंभर मीटर, काईच नाई.

आमच्या टीममधली कुंता त्याच गावची. दोन वर्सापासून आमच्या बॅटऱ्या, चार्जिंग, सारं तीच पाहते. गाव उठलं तवा ती दोन वर्साची होती. तिले काई आठवत नाई. पन तिची माय, कमलाबाई, तिले तेच आठवते. बाकी सारं विसरत चालली. जेवली का नाई ते आठवत नाई, कुंताचं नाव कधीकधी आठवत नाई. पन रोज सांजच्या पारी, दिवा लावाच्या टायमाले, बाई उठते, पदर घेते, अन् म्हनते, “जातो मी.”

कुठी? घरी.

अन् चालाले लागते सरळ खदानीकडे.

दोनदा तं अगदी काठावरून परत आनलं तिले. कुंता मले सांगत होती, “भूपेश, आपल्यात निंगताना कोनी ‘जातो’ म्हनते का? ‘येतो’ म्हनते ना? परक्याच्या घरून निंगलं तरी मानूस येतोच म्हनते. माझी माय रोज जातो म्हनते. मले त्याचाच भेव वाटते.”

म्हनून कुंता हे काम कराले तयारच नव्हती. सांजचा टाइम, अन् खदानीचा काठ. मीच म्हनलं, बाईले सोबत आन, माझ्याजवळ खुर्ची ठेवू, मी पाहतो. मी बोललो होतो बरं, मी पाहतो म्हनून.

आता पह्यला प्रकार सांगतो.

रंजीता हाय ना आमची, प्रोजेक्शनवाली, तिचं काम आधी सुरू होते. साधा प्रोजेक्टर पडद्यावर चित्र फेकते, पन मॅपिंगमधे भिंत आधी मोजा लागते. कुठी खाच, कुठी कोपरा. मंग त्या आकारात बरोबर बसन असं चित्र बनवा लागते. म्हनून ती लेझरनं सारी खदान स्कॅन करते. दोन दिवस केलं. अन् रात्रभर लॅपटॉप चालवून सकाळी मले बोलावलं.

“हे पाय.”

स्क्रीनवर खदान होती, बारीक बारीक ठिपक्याइची. समोरची भिंत, पायऱ्या, तळाचं पानी, सारं बरोबर. पन मधात, हवेत, काठाच्या बरोबरीले, ठिपक्याइचा एक पातळ थर. जशी कोनी चादर अंथरली.

“धूळ असन,” मी म्हनलं.

“धूळ सपाट असते का रे?”

“मंग धुकं.”

“दुपारी दोन वाजता?” ती म्हने. मंग तिनं तो थर निवडला अन् डिलीट केला. दुसऱ्या दिवशी परत स्कॅन केलं, तं परत आला. अन् आता तो सपाट नव्हता. त्याच्यावर लहान लहान चौकोन उठले होते. तिनं तेबी डिलीट केले, काऊन का कुलदीप सरले फाइल द्याची होती. आमच्या कामात असं खूप येते, याले आमी कचरा म्हनतो. मशीन हाय, कचरा देनारच.

दुसरा प्रकार रिहर्सलचा. पन त्याच्या आधी माझी चूक सांगा लागन.

आमच्याजवळ एकशे वीस ड्रोन होते. चारची मोटर बिघडली, राह्यले एकशे सोळा. हे जमिनीवर दहा-बाराच्या सरळ लाइनीत ठेवा लागते, काठाजवळच्या मुरमाच्या मैदानात. माझ्याजवळ मानसं कमी, तं कुंतानं नव्या चिचझरीच्या बाया आनल्या, पंधरा-सोळा जनी. मी त्याइले समजावलं, दोन ड्रोनमधात दोन हात अंतर पाह्यजे, अन् मी जनरेटरचं पाहाले गेलो. तासाभरानं येऊन पाहतो तं काय! लाइन नाई न् काई नाई. कुठी चार जवळजवळ, कुठी मधात मोकळं, एक वाकडी गल्ली, अन् बरोबर मधात गोल जागा सोडलेली.

“बाई, हे काय केलं?” मी म्हनलं. “सरळ लावाले सांगतलं होतं ना.”

तं त्यातली एक, उर्वशीबाई, ती म्हने, “सरळच हाय ना बाबू. हा आमचा. त्याच्या बाजूले रंगारीचा. मंग गल्ली. हा पाटलाचा, ह्यो मोठा. त्या कोपऱ्यात कमलाबाईचा.”

“अन् हे मधात गोल?”

“विहीर नाई का?”

साऱ्या हासाले लागल्या. तवा मले समजलं, बायाइनं आपलं जुनं गाव लावलं होतं ड्रोनचं. बसल्या बसल्या गंमत. ‘तुयी सासू इथी, माझा भासरा तिथी’ करत एक एक ठेवला. अन् गावाचा म्हातारा वारलूभाऊ बाजूले काठी घेऊन उभा होता, तो म्हने, “बरोबर लावलं बायाहो. एकशे सोळाच चुली होत्या चिचझरीत. एकबी कमी नाई, एकबी जास्त नाई.”

मी म्हनलं, योगायोग. मोटरी बिघडल्या म्हनून एकशे सोळा राह्यले, नाईतं एकशे वीस होते.

मी बदलवाले पाह्यजे होतं. पन सॉफ्टवेअरनं काई कुरकुर केली नाई, अंतर बरोबर होतं, अन् ड्रोन जिथून उडते तीच जागा त्याचं घर म्हनून लक्षात ठेवते, मंग लाइन वाकडी असो का सरळ. शो संपला का एक बटन दाबाचं, सारे आपापल्या घरी वापस. आमच्या स्क्रीनवर ते इंग्रजीत हाय, पन कुंताले सोपं जावं म्हनून मी त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली होती, मराठीत, ‘घर’. दुसऱ्यावर ‘उड’.

कमलाबाईच्या ड्रोनवर नंबर होता सत्तेचाळीस.

तं रिहर्सल. सहा वाजता, उजेड होता अजून. मी फक्त वीस ड्रोन उडवले, एका सरळ रांगेत, काठापासून खदानीच्या मधापर्यंत. सरळ रांग, एका उंचीवर, साधं काम. ते गेले. शंभर मीटरवर पोचले अन् रांग वाकली.

वारा? वारा ताशी चार किलोमीटर, मी मशीनवर पाह्यलं. जीपीएस? बावीस सॅटेलाइट, एकदम मजबूत. अन् वाऱ्यानं वाकली असती तं सारी एका अंगाले वाकली असती ना? ही रांग गोल वळसा घालून गेली, मधात तीन-चार मीटरची जागा सोडली, अन् पलीकडं परत सरळ झाली. ज्या ड्रोनले डोळे नाई ते कायले वळसा घालन, सांगा?

कुंता माझ्या मांगं उभी होती बॅटरी घेऊन. ती सहज म्हने, “माय म्हनते, विहीर तिथीच होती.”

मी ड्रोन उतरवले. सॉफ्टवेअर परत टाकलं. शो उद्या होता.

दुसऱ्या दिवशी काठापासून मांगं पन्नास मीटरवर दोर बांधला, त्याच्या मांगं दोन-अडीच हजार लोक. डीलर लोक सोफ्यावर, गाववाले मांगं सतरंजीवर. भजे, चहा, डीजे. पोलिस. पोट्टे मोबाइल वर करून. आमचा कंट्रोलचा टेबल दोराच्या अलीकडं, काठापासून वीस मीटर असन. बाजूले खुर्चीवर कमलाबाई. कुंतानं तिच्या पदराले आपल्या ओढनीची पक्की गाठ मारली होती. अन् दुसऱ्या खुर्चीवर वारलूभाऊ, काऊन का कुलदीप सरची आयडिया होती, पह्यलं बटन गावच्या सर्वात म्हाताऱ्या मानसानं दाबाचं. फोटो चांगला येते म्हने.

पावनेसातले अंधार पडला. वारलूभाऊनं ‘उड’ दाबलं.

पोट्टेहो, मी चाळीस शो केले असन. पन एकशे सोळा ड्रोन एका वेळी उठते ना, तवा मले अजूनबी काटा येते. असा आवाज येते, जसं मोहाच्या झाडाले मधमाश्या लागल्या. लाल, मंग निळे, मंग पांढरे. पह्यले कंपनीचा ब्रश बनला. मंग मोर. मंग वाघ बनला, अन् लोक असे ओरडले का विचारू नका. समोर भिंतीवर रंजीताचा रंग वरून खाली वाहत होता, पिवळा, निळा, जशी कोनी बादली उलटी केली. पायरीवरून पायरीवर. येवढी बरोबर मॅपिंग का रंग खाचेत अडकून मंग खाली पडत होता.

सहाव्या मिनिटाले आकाशात घर बनलं. मोठं. छप्पर, दार, खिडकी. डीजेवाल्यानं आवाज वाढवला, ‘घराला पुन्हा घर करा.’

त्याच टायमाले वारलूभाऊनं वाकून माझ्या टेबलकडे पाह्यलं. त्याले वाचता येते. चौथीपर्यंत शिकला तो. त्यानं चिठ्ठी वाचली. अन् बोट ठेवलं.

“भाऊ, काय केलं?” मी ओरडलो.

“घर लिहिलं हाय ना बाबू,” तो म्हने. “दाबलं.”

मी मनात म्हनलं, झालं. शो अर्धा राह्यला. आता सारे मैदानात वापस येईन अन् कुलदीप सर माझा जीव घेईन. आकाशातलं घर मोडलं. ड्रोन सुटे झाले. अन् मी मैदानाकडे पाहून राह्यलो, त्याइची वाट.

ते आलेच नाई.

ते खाली गेले. हळूहळू, एक एक, खदानीच्या मधात. काठाच्या बरोबरीले आले. अन् थांबले.

कुठी चार जवळजवळ. कुठी मोकळं. एक वाकडी गल्ली. मधात गोल.

मैदानात होते तसेच, पन मोठं करून. गावायेवढं.

मंग आवाज बंद झाला.

मी कसं सांगू तुमाले. तो मधमाश्याचा आवाज, तो हळू नाई झाला, बंद झाला. मी स्क्रीनवर पाह्यलं. एकशे सोळा ओळी, एकशे सोळा हिरवे ठिपके, अन् प्रत्येकापुढं लिहिलेलं, उतरला. मोटर बंद. उंची शून्य. एक, दोन, तीन, मी खाली खाली सरकवत गेलो, साऱ्याइचं तेच. पंखे फिरत नव्हते. अन् लाइट जिथच्या तिथी. खाली शंभर मीटर हवा.

रंजीता माझ्याकडे पाहून राह्यली होती. तिचे हात मांडीवर होते, कीबोर्डवर नाई. अन् तिचा रंग वाहत होता. पन आता तो समोरच्या भिंतीवर पोचत नव्हता. मधातच अडकत होता.

आधी एक कोपरा दिसला, पिवळा. मंग एक पाखं, छपराचं. मंग निळं दार. बुटकं, वाकून जा लागन येवढं. जिथी रंग पडला तिथी भिंत होती, जिथी नाई पडला तिथी काईच नाई. एका भिंतीवर गोवऱ्या थापल्या होत्या, त्याइच्यावरून रंग खाली उतरला, एक एक गोवरी गोल दिसली. मंग गोठा. मंग विहिरीचा काठ, त्याच्यावर दोरीनं पडलेल्या खाचा. खाचा दिसल्या बे. शंभर मीटरवरून फेकलेल्या रंगात दोरीच्या खाचा. एकशे सोळा आंगनं, अन् प्रत्येक आंगनात एक दिवा.

मांगं सोफ्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते. कुलदीप सर धावत आला, “एक नंबर, भूपेश! हे तं प्लॅनमधे नव्हतं!” अन् व्हिडिओ काढत तसाच गेला.

सतरंजीवरून एकबी टाळी नाई. मी मांगं पाह्यलं. गाववाले उभे होते. सारे. बायाइनं डोक्यावर पदर घेतला होता, जसा गावात शिरताना घेते. वारलूभाऊनं पायातली चप्पल काढली. कोनीतरी हळूच म्हनलं, “आमचं दार उघडंच राह्यलं होतं.”

मले भेव नाई वाटला. खरं सांगतो. मले वाटलं, आपन कितीक लहान आहो. मले वाटलं, कोनी काई बोलू नये, हे असंच राहावं.

मंग कुंता ओरडली.

“माय!”

खुर्ची रिकामी. कुंताच्या हातात ओढनी होती, अन् गाठ सुटली होती. तुटली नव्हती, सुटली होती.

कमलाबाई काठावर होती. सरळ चालत होती, घाई नाई, अडखळत नाई, जशी पोट्टी चालते. समोर तिच्या नंबरचा दिवा होता. सत्तेचाळीस. काठाले लागूनच.

माझा हात बटनावर होता. मी परत बोलावलं तं ड्रोन उठन, अन् ती दिव्याच्या मांगं जाईन. नाई बोलावलं तरी जाईन. मी धावलो, कुंता धावली. वीस मीटर. वीस मीटर किती असते?

ती थांबली नाई.

आता मी जे पाह्यलं तेवढंच सांगतो. तिनं एक पाऊल टाकलं. मंग दुसरं. मंग तिसरं.

काठ तिच्या मांगं होता.

मी अन् कुंता काठावर पोचलो अन् थांबलो. मी खाली पाह्यलं. हिरवं पानी, लई दूर, त्याच्यात दिव्याइचं प्रतिबिंब. मंग समोर पाह्यलं. कमलाबाई आमच्यापासून चार हातावर उभी होती. तिच्या पायाखाली काय होतं ते मले नाई दिसलं. तिथी रंग नव्हता पडला.

ती खाली बसली. उकिडवी. हात पुढं केला अन् सारवलं. असं, अर्धं गोल, तळहातानं, मंग दुसरं अर्धं गोल पह्यल्याले जोडून. पाठ आमच्याकडे. सारवत सारवत मांगं सरकत होती, जसं आंगन सारवताना सरकते.

मले शेनाचा वास आला. ताजा.

“माय, ये,” कुंता म्हने. “माय, वापस ये व.”

बाईनं वर पाह्यलं नाई. “घरीच तं हाय मी. कायले येऊ?”

मी हात लांब केला, पोचला नाई. एक पाऊल टाकाची माझी हिंमत नाई झाली. नाईच झाली.

अन् कुंता एकदम शांत झाली. ओढनीनं तोंड पुसलं. अन् शेजारीन बोलते ना दारातून, तशा आवाजात म्हने, “अव कमलाबाई, बाजाराले चाल ना. उशीर होऊन राह्यला. घरी येतो म्हन अन् चाल.”

बाई थांबली. कमरेवर हात ठेवून उठली.

“हो व, आलीच,” म्हने. अन् त्या निळ्या दाराकडे वळली. दार बंद होतं. तिनं डोक्यावरचा पदर ठीक केला.

“येतो,” ती म्हने. दाराले.

मंग वळली अन् चार हात चालून आमच्याजवळ आली, अन् कुंतानं तिले अशी धरली का दोघीबी मुरमावर पडल्या.

त्याच क्षणी मधमाश्या परत लागल्या. एकशे सोळा मोटरी एका वेळी. मी बटन दाबलं नव्हतं, मी तं काठावर होतो. दिवे उठले, आमच्या डोक्यावरून गेले, अन् मैदानात एक एक करून आपापल्या जागी उतरले. समोर रंग परत भिंतीवर वाहाले लागला, पायरीवरून पायरीवर. मधात हवा.

लोकाइनं शिट्ट्या मारल्या. डीजे लागला.

व्हिडिओत पाहा, हे घे प्रवीण. दिवे दिसते. भिंतीवर रंग दिसते. बस. काठाकडे कोनाचा कॅमेराच नव्हता.

पॅकिंग करताना रंजीतानं मले बोलावलं अन् एक ड्रोन उलटा करून दाखवला. चारही पायाले शेन. ओलं, हिरवं. दुसरा पाह्यला, त्यालेबी. तिसऱ्याले शेनासोबत पांढरी रांगोळी. ज्या मैदानातून उडवले तिथी मुरूम, कोरडा, लाल. जनावर फिरकत नाई. आमी दोघाइनं एकशे सोळा ड्रोन पुसले. चारशे चौसष्ट पाय.

हे झाले आता वीस दिवस.

अन् कमलाबाई? बरी हाय. सांजच्या पारी उठत नाई. जातो म्हनत नाई. कुंता म्हने, “भूपेश, माय बसून राहते रे दारात, शांत. जेवते. मले नावानं हाक मारते.” किती खुश होती ती फोनवर. मलेबी बरं वाटलं, म्हनलं, जाऊ दे, काई असो, बाई वाचली.

काल त्याच रस्त्यानं येत होतो, तं गेलो भेटाले. सहा-साडेसहा झाले असन. ड्रोनच्या पेट्या माझ्या गाडीत, कुलूप लावून, बॅटऱ्या वेगळ्या. कमलाबाई उंबऱ्यावर बसली होती. मले वळखलं. चहा पाजला कुंतानं.

निंगताना मी म्हनलं, “येतो बाई.”

ती हासली. “तू कायले म्हनतं बाबू? येतो तं मी म्हनून आली ना त्याइले.” अन् माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहून म्हने, “वाट पाहून राह्यले असन. न्याले येते आता.”

कुंता आत भांडे ठेवत होती, तिनं नाई ऐकलं.

मी चप्पल घालाले वाकलो, तवा दिसलं. उंबऱ्यापुढं, टाइलवर, चार ठिपके. शेनाचे. बरोबर चौकोनात. मी गाडीतून पट्टी आनली अन् मोजलं, हसा आता हसाचं असन तं. एकवीस सेंटीमीटर. चारही बाजूनं एकवीस. आमच्या ड्रोनच्या दोन पायामधात असते तेवढंच अंतर, एक सूतबी इकडंतिकडं नाई.

मी गाडीत जाऊन पेट्या पाह्यल्या. कुलूप होतं.

परत येऊन एका ठिपक्याले बोट लावलं. कोमट होतं.